हळू वाजवायचं वय

जिन्यात भेटले की वरचे आजोबा पुढच्या दातांवर नखाने टकटक करायचे आणि इंग्रजीत म्हणायचे, “हजर आहेत.” सॅक्सोफोनचं टोक त्या दातांखाली धरावं लागतं, हे मला नंतर कळलं. तोवर वाटायचं, माणूस जरा सरकलेला आहे.

कापेल या डच गावातल्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो, तेव्हा पहिली चिठ्ठी त्यांचीच आली. सराव रोज चार ते पाच. पाच वाजले की ते चालीच्या मधेच थांबत. आम्ही पुण्याचे. वेळ ठरवून दिलेला त्रास आम्हाला चालतो.

वाजवत ते जॅझमधलं बिबॉप. म्हणजे ओळखीची चाल घ्यायची आणि ती कोणालाच ओळखू येणार नाही इतक्या वेगाने वाजवायची. तरुणपणी ते बोटीवरच्या बँडमध्ये लागले, ते केवळ न्यूयॉर्कला उतरून हे ऐकायला. परतल्यावर पन्नास वर्षं तेच वाजवलं. एक रेकॉर्ड निघाली, कव्हरवर त्यांचा अर्धा खांदा आहे. आता रविवारी दुपारी एका कॅफेत वाजवत. मी गेलो की श्रोते पाच होत.

“एवढी घाई कसली, आजोबा?” मी एकदा विचारलं.

“हळू म्हातारपणी वाजवीन,” ते म्हणाले. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते.

गणपतीत त्यांना वाजवायला बोलावलं, आणि त्यांच्या सरावाच्या वेळेसाठी आरती दुपारी चारला ठेवली. आमची आरती नेहमीसारखी शेवटी धावत सुटली. आम्हाला धाप लागली, आजोबा टिकले. “तुमच्यातही बिबॉप आहे की!” म्हणाले आणि तीन मोदक खाल्ले.

त्या हिवाळ्यात त्यांचे वरचे चार दात काढावे लागले. कवळी बसली, पण वाजवताना हलायची. चार वाजले तरी वर शांतता. बायको मऊ खिचडी घेऊन गेली, तर म्हणाले, “जेवता येतंय. पण माझे दात जेवायला नव्हतेच.” मला फार वाईट वाटलं.

पुढच्या गणपतीला ते सॅक्सोफोनची पेटी घेऊनच खाली आले. एकेक सूर चाचपत वाजवायला लागले. वीस माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा आरती हळू म्हटली. स्लोटरडाइकहून आलेला मित्र पुटपुटला, “अरे, माझी ट्रेन जाईल.” गेली. तो शेवटपर्यंत थांबला.

वाद्य पुसत आजोबा म्हणाले, “म्हातारा झालो वाटतं.”

त्या हिवाळ्यात ते गेले.

आमच्याकडे आरती अजून दुपारी चारला असते, आणि हळू असते. नवीन आलेले लोक टाळ्यांचा वेग वाढवायला बघतात. बायको त्यांच्याकडे नुसती पाहते. मग तेही हळू होतात.