अंगणात मांडलेलं गाव

कॉलेजची पोरं गावात पाण्याचं काम करणाऱ्या संस्थेत इंटर्नशिपला आली, की माझ्याच अंगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात. त्या नकाशावरून नळ कुठवर न्यायचा ते ठरतं म्हणे. गेल्या साली त्यात माझं घरच नव्हतं, म्हणून नळ शेजारच्या गोठ्याशी थांबला. म्हशीला नळ, मला हंडा.

आज देऊळ उमटलं, ओढा उमटला, तो गोठापण उमटला. माझं घर काय दिसंना. डोकंच तापलं.

"अगं पोरी, ज्याच्या अंगणात बसलीस त्यालाच गावाबाहेर काढलंस व्हय?"

"काका, काढलंय की. तुम्ही त्याच्यावरच उभे आहात."

पाय उचलला, तर घराचं पार पीठ झालेलं. दारातनं बायको म्हणाली, "दरसाली तिथंच उभं राहतंय हे ध्यान!"

म्हंजे गेल्या सालीपण मीच पुसलं? आणि वर्षभर शिव्या मात्र पोरांना. माणसाला अख्खं गाव दिसतं, पायाखालचं तेवढं दिसत नाही बघा.

पोरीनं परत चार रेघा ओढल्या. मी गुपचूप कुंपणाशी जाऊन उभा राहिलो, तर आमचीच कोंबडी आली आणि त्या घरात बसून माती उकरायला लागली.