धाकूनानाचा सोबती

लहानपणी देवी आल्या आणि धाकूचे दोन्ही डोळे घेऊन गेल्या. तेव्हापासून वाडीने त्याला कधी कुठे नेलं नाही. लग्नाला न्यायचं तर हात धरायचा कोणी? मग त्याला एस.टी.चा सवलतीचा पास मिळाला. त्यात सोबत्यालाही सवलत! वाडीला धाकूनानाचा असा काही लळा लागला म्हणता! कोणाची कोर्टाची तारीख, कोणाची दुखरी दाढ, सकाळीच दारात हाक, "नाना, चल रत्नागिरीला, तेवढीच हवापालट!" नानाची हवापालट स्टँडच्या बाकावर व्हायची, सोबत्याच्या पिशव्या राखत.

राजापूरला मात्र कोणाचं काम निघेना. तिथे त्याची बहीण तुळसा अंथरुणाला खिळलेली. "एकदा तिला भेटवा रे," तो म्हणायचा. "न्हेऊ, नाना. लावणी आटपू दे." रत्नागिरीच्या आड लावणी कधी आली नाही ती!

त्या दिवशी पाळी बाबल्याची. घरी व्याही जेवायला यायचे, म्हणून त्याने मिरकरवाड्याच्या बंदरावरून बांगडे घेतले आणि परतीच्या राजापूर गाडीत बसल्या बसल्या घोरू लागला. वाडीचा फाटा वाटेतच. कंडक्टर आला, तसा नानाने पास पुढे केला, कनवटीचे पैसे काढले आणि हळूच म्हणाला, "दोन राजापूर."

फाट्याच्या वळणावर बाबल्याला बरोबर जाग आली. "चल नाना, उतर."

"मी नाय. आपलं तिकीट राजापूरचं."

"डोकं फिरलं काय तुझं? बस मग हितंच!" बाबल्या पिशवी घेऊन दाराकडे निघाला.

"जा बाबा," नाना गाडीभर ऐकू जाईल असं म्हणाला, "आंधळ्याला टाकून खुशाल जा. राजापुरात कोणीतरी हात धरील."

कंडक्टरने दार अडवलं. "सवलत खाताना सोबती, आणि आता?"

मागच्या बाकावरची आवडाबाई कोळीण तर उभीच राहिली. "अरे मेल्या, लाज हाय काय? बस खाली!"

बाबल्या बसला. व्याही राहिले घरी, बांगडे निघाले राजापूरला.

तुळसाने भावाचा हात ओढून गालाला लावला. किती वेळ सोडीचना. मग डोळे पुसत म्हणाली, "आणलंन कोणी रे तुला?"

"ह्या बाबल्याने. मी नको नको म्हणत होतो," नाना म्हणाला, "पण हट्टच धरलान मेल्याने."