अक्काताईची उगवती

पन्नाशी उलटल्यावर एका रविवारी भर दुपारी मी दोन धडधाकट बायकांना समुद्रात नेऊन बुडवलं. त्यांच्यामागोमाग मीही बुडाले. नातवंडं विचारतात, "आज्जी, खरंच?" खरंच. फक्त समुद्र कॉम्प्युटरातला होता, आणि आम्ही तिघी शाहूपुरीतल्या एका गाळ्यात पंख्याखाली बसलो होतो. बुडण्याचं कारण मात्र अस्सल होतं. ते म्हणजे माझा शहाणपणा.

गाळ्याची मालकीण अक्काताई. सीमेकडच्या लिंगायत घरातली, उंच, कपाळावर भस्माची रेघ, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडचा पानवाला चुना लावायचा थांबे. नवऱ्यानं आधी टायपिंगचा क्लास काढला होता, मग तिथंच कॉम्प्युटर आणून इंटरनेट सुरू केलं. तो गेला. लोकांना वाटलं, आता शटर पडणार. तेराव्यानंतर अक्काताईनं स्वतः शटर वर केलं आणि मुलांना म्हणाली, "मालक गेल्यात, वीज न्हाय गेली. बसा."

मी तिथं जायची परदेशातल्या लेकाला ई-मेल पाठवायला. एकदा चार ओळी पाठवून उठत होते, तर ती म्हणाली, "झालं न्हवं रडून? मग बस हितं. आमच्यात एक माणूस कमी हाय."

'आमच्यात' म्हणजे तिच्या फौजेत. लढाईचा एक खेळ होता. मोठं बेट, डोंगर, जंगल, धुकं, आणि हातात बंदूक, नकाशा, होकायंत्र. शेजारच्या शिवणक्लासच्या दोघी तिनं आधीच भरती केल्या होत्या. मी गुडघ्याला तेल चोळणारी बाई. पहिल्या दिवशी बंदूक समजून नकाशाच उघडत राहिले, आणि शत्रूनं मला तो वाचतानाच मारलं.

त्या खेळात एक सोय होती. आपण कुठं आहोत ते नकाशावर ठिपक्यानं दिसायचं. मुलं त्यावरच खेळत. अक्काताईनं आमच्यापुरता तो ठिपका बंद करून टाकला होता. "आपण कुठं हाय, ते यंत्रानं कशाला सांगाय पायजे? डोळं फुटल्यात काय?" डोंगराच्या रेघांवर नखानं टकटक करून ती शिकवायची. "ह्या रेघा जवळ जवळ आल्या की वळखायचं, चढ हाय, दम लागणार. आन् वाट चुकलीस तर पळू नगं. खाली बस, नकाशा काढ, काटा बघ." आणखी एक नियम तिनं घातला होता. खेळात जो मेला, त्यानं तोंड उघडायचं नाही. "मेलेलं माणूस वाट दावतंय व्हय?"

गाळा सासऱ्यांच्या वेळचा. त्यामुळे धाकटा दीर बाळगोंडा याला तिथं आपली खताची पोती दिसायला लागली होती. एकदा तो आला तेव्हा आम्ही चौघी पालथ्या पडून (खेळात) गोळीबार करत होतो. तो मुलांसमोर हसला. "वैनी, बायकांनी लढाया खेळायसाठी धरलाय व्हय गाळा? ह्या पोरांना एकदा हरवून दावा. परत गाळ्याचं नाव काढणार न्हाय मी."

"हरवतो की," अक्काताई म्हणाली. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं ती पुरुषासारखंच बोलायची, फक्त ती तसं वागायचीही. "येत्या रविवारी. तुमी बी बसा पोरांत."

त्या रविवारी दारात ही गर्दी. डोंगरावरच्या टॉवरवर जो गट आधी पोचेल तो जिंकला, असं ठरलं. अक्काताईनं नकाशा वाचला आणि आम्हाला सांगितलं, "टॉवर उगवतीला हाय. काट्यावर नजर ठेवायची आन् उगवती सोडायची न्हाय." एवढं बोलून ती झाडाआडून निघाली आणि पहिल्याच गोळीला पडली. फौज माझ्या हाती आली.

आता माझी अक्कल ऐका. अक्काताईच्या नवऱ्यानं सगळी टेबलं पूर्वेला तोंड करून मांडली होती. अभ्यासाला तीच दिशा चांगली, असं त्याचं मत. मी जन्मभर उगवतीकडे तोंड करून तुळशीला पाणी घातलेलं. मला उगवती काट्यानं सांगायची? त्या गाळ्यात उगवती होती थेट कॉम्प्युटरच्या मागच्या भिंतीत. म्हणून मी नाकासमोर निघाले. खेळातलं माझं नाक दक्षिणेला होतं, हे पडद्यावरचं होकायंत्र बिचारं सगळा वेळ सांगत होतं. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

धुक्यातून मागच्या दोघी विचारतायत, "काकी, चढ कसा लागंना?" मी म्हणतेय, "लागेल, लागेल, या माझ्यामागं." शेजारच्या खुर्चीत अक्काताई पदर तोंडात कोंबून बसलेली. एक शब्द बोलली असती तर गाळा वाचला असता. डोळे लाल झाले, मानेच्या शिरा फुगल्या, पण बाईनं स्वतःचा नियम मोडला नाही. मग पायाखाली वाळू आली, पाणी आलं, आणि पडदा काळा झाला. मुलं गाणी म्हणत टॉवरवर चढली.

बाळगोंडा उठला. "उद्या टेम्पो आणतो, वैनी."

मी रात्री जेवले नाही. सोमवारी माफी मागायला गेले, तर टेम्पो दारात उभा. शटरच्या बरोबर मधोमध खुर्ची टाकून अक्काताई बसलेली, मांडीवर छापलेला नकाशा.

"वैनी, सरका. काल हरलासा न्हवं?"

"हरलो की. जिंकल्यावरचं तुमी बोललासा, भावजी. हरलो तर गाळा देतो, असं कोण बोललंतं?"

"पोती उतरायची हाईत."

"मग उचला मला."

सगळी गल्ली बघत होती. थोरल्या भावाच्या बायकोला हात कोण लावणार? बाळगोंडा एकदा पुढं झाला, एकदा मागं झाला, घाम पुसू लागला. शेवटी ड्रायव्हरनंच विचारलं, "माल कुठं टाकू मग?"

अक्काताई नकाशावरून मान वर न करता म्हणाली, "पावणं, उचगावला न्या. भावजींच्या घरात लई जागा हाय."

टेम्पो गेला तो गेलाच. त्यानंतर कित्येक वर्षं ती त्या दारात बसली. पुढं घरोघरी इंटरनेट आलं तेव्हा शटर तिनं स्वतःच्या मर्जीनं ओढलं, आणि नंतर एका दुपारी कुणाला न विचारता स्वतःही गेली. मला मात्र ती आठवते त्या सोमवारची. टेम्पो वळेपर्यंत ती हलली नाही. मग उठली, खुर्ची आत घेतली, आणि पदराचं टोक पिळत उभ्या असलेल्या माझ्याकडं बघून म्हणाली,

"उभी काय ऱ्हायलीस? आत ये. तुझं टेबल मावळतीला फिरवलंय. पुढच्या रविवारी भावजींना परत खेळाय बोलावणार हाय मी. बुडवायचंच आसंल तर निदान दुसऱ्या समुद्रात बुडव."