शेजारची बैठक

रोज कचेरीला जाण्यासाठी दोन बैठकांची चपळ, छोटी मोटार घ्यायची असे मी ठरवले होते. गॅलनला चाळीस मैल, म्हणजे टांग्यापेक्षा स्वस्त. ती विकणारा मिस्त्री फडक्याने एकेक बोट पुसत माझा हिशेब ऐकत होता. त्याचे नाव मी विचारले नाही.

"गाडी लई झ्याक हाय की," तो म्हणाला. "पन सिद्धेश्वराला जाताना शेजारी कोन बसनार? आईसाब का वैनीसाब?"

मी खिशातला विसार चाचपला.

"माज्या सायकलीचं क्यारेर म्या काडूनच ठेवलंय," तो शांतपणे म्हणाला.

विसार खिशातच ठेवून मी गोंधळून पायी परतलो. दारात आई आणि बायको, दोघीही ठेवणीतली लुगडी नेसून मोटारीची वाट पाहत होत्या.