मागून आणलेल्या कपड्यांची गोधडी

आज उन्हात घातलेल्या गोधडीचा वास आला आणि अमळनेरचं अंगण आठवलं. माझी दोन बाळं गेली होती. तापाने फणफणलेली तिसरी पोर मांडीवर होती. ज्यांची लेकरं जगली, त्यांच्याकडून जुने कपडे मागून गोधडी शिवली की मूल टिकतं, म्हणून मैत्रिणी थंडीत टाके घालत बसल्या होत्या. मला मागायची लाज. शेजारची कमलच घरोघर फिरली होती.

“पोर तुनी, आन मांगाले मी! तुले तोंड शे का नही वं?” ती म्हणाली. सगळ्या हसल्या.

तेवढ्यात पोरीचं अंग गार लागलं. त्यांचं हसणं मोडायला माझी जीभ उचलेना. मी पदर तिच्याभोवती घट्ट लपेटला. त्या शिवत राहिल्या.

तेव्हाच ओरडले असते तर डॉक्टरकडे वेळेवर पोचलो असतो का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.