टाकीतलं पाणी पांढरं कोण करायलंय?

मासे पाळणाऱ्यांनो, माझा पहिला संशय दुकानदारावर होता.

नव्या टाकीत सध्या नुसती झाडं लावलीत. पाणी काही दिवस मुरून तयार झाल्यावरच मासे सोडा, असं तो म्हणाला होता. पण पाणी रोज पांढरं व्हायलंय. वाटलं, यानं वाळूच खराब दिली. मग नवऱ्यावर संशय घेतला, तर तो शपथा घ्यायला लागला.

आज झाडांच्या बुडाशी हात घातला, तर कणकेच्या गोळ्या! गोदावरीवर माशांना अशा गोळ्या माझे सासरेच टाकतात.

“मामा, टाकीत मासे कुठं हायेत?”

“येणार हायेत नं? मग पाव्हणे दारात आल्यावर पीठ मळायचं का?”

हे लिहायलेय तोवर मामा पुन्हा टाकीकडं निघालेत. मूठ झाकलेली हाय. काय असंल हो आत?