रिकामी किटली

आमच्या रस्त्यावर कुणी कुणाला नमस्कार करत नाही. विचारतात, "खंय चल्लंस?" कुठे निघालीस, एवढंच. उत्तराकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं, पण काहीतरी द्यावं लागतं. बंदरावर, दुकानात, मिठबावच्या बसला. "उगाच" हे उत्तर फक्त पुरुषांना चालतं. बाई उगाच रस्त्यावर दिसली, की दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर तिच्या घरात काय बिनसलंय याची चर्चा होते.

म्हणून माझी आई रोज संध्याकाळी दुधाची किटली घेऊन चालायला जायची. किटली रिकामी असायची. जाताना रिकामी आणि येतानाही रिकामी.

तिला साखर निघाली होती. कुडाळच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि रोज पाऊण तास चालायला सांगितलं. तिच्या तळपायांना मुंग्या येत होत्या. तिच्या थोरल्या बहिणीलाही आधी मुंग्याच आल्या होत्या. मग पाय बधिर झाला, त्यात काच घुसलेली कळली नाही, आणि शेवटी तो घोट्यापासून काढावा लागला. मावशी त्यावर विनोद करते, "माजी एक चप्पल कायम नवी रवता." सगळे हसतात. आई हसत नाही.

तिच्या दिवसात पाऊण तास सापडणं कठीण होतं. सकाळी पाणी, डबे, मग अंगणवाडी. दुपारी घरी आल्यावर अंगणवाडीची माहिती मोबाईलमध्ये भरत बसायचं, रेंजसाठी फणसाखाली उभं राहून. उरली संध्याकाळ. थंडीच्या दिवसांत साडेसहालाच काळोख पडतो, आणि तिला तेच सोयीचं वाटलं. काळोखात लोक विचारत नाहीत. शिवाय ती गडद तपकिरी शाल डोक्यावरून घ्यायची. एवढं करूनही कुणी ओळखलंच, तर किटली होती.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी कुडाळला नोकरी करते आणि शनिवारी संध्याकाळी स्कूटरने घरी येते. त्या शनिवारी सड्यावरून, गावावरच्या कातळमाळावरून, उतरत होते. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागांचे गडगे, जांभ्या दगडाच्या बुटक्या भिंती. खांब आहेत, त्यांवर दिवे नाहीत. एका वळणावर माझ्या अगदी डाव्या हाताशी कसलीतरी कडी वाजली. खण्ण, एकदाच. मला वाटलं, स्कूटरचंच काही सैल झालंय.

घरी पोचून हातपाय धुतले. थोड्या वेळाने आई आली.

"मगाशी वळणावर तूच होतंस मां?" तिने विचारलं. "लायटीन डोळे दिपले माजे."

"तू खंय होतंस?"

"थंयच. तुज्या बाजूकच."

"माका दिसलंस नाय!"

"बरा झाला," आई शाल घडी करत म्हणाली. "म्हणजे शाल चांगली आसा."

किटलीची कडी अजून तिच्या बोटात होती. मी ती हलवून पाहिली. तोच आवाज.

किटलीमागचं सगळं तिच्याकडून ऐकल्यावर मी त्या रात्री खूप बोलले. रस्ता सगळ्यांचा आहे, स्वतःच्या पायांसाठी चालायला कुणाची परवानगी लागत नाही, दिसायची लाज वाटायला तू चोरी केलीस का. आई तांदूळ निवडत ऐकत राहिली.

"लोकांनी विचारल्यानी तर काय सांगू? व्यायाम करतंय? ह्या वयात?"

"खरा ताच सांग."

"तुका सोपा आसा. तू शनवारी येतंस, सोमवारी जातंस. माका हयच रवूचा आसा."

बोलून भागलं नाही की आमच्या घरात जे करतात ते मी केलं. पत्रक लिहिलं.

मी पत्रकांत वाढले आहे. बाबा शाळामास्तर होते, आणि गावात काही अडलं की ते पत्रक काढत. पाण्याच्या टाकीचं, बंद पडलेल्या बसचं, सड्यावर खाण नको म्हणून सांगणारं. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. सहाव्या वर्षी मला कागदाची घडी अशी घालता यायची की मथळा बरोबर वर येईल. गोष्टी नंतर वाचल्या. आधी मागण्या वाचल्या. बाबांचा एक नियम होता: कागदावर जे छापून जाईल ते खरंच असलं पाहिजे. लोक आपल्यावर विश्वास ठेवून वाचतात. लग्न होऊन आली तेव्हापासून आई हे ऐकत आली होती.

मी मथळा दिला, "रस्ता आपलाही आहे. दिसा!" खाली लिहिलं की काळोखात चालताना, धावताना पांढरे किंवा फिक्या रंगाचे कपडे घाला. बॅटरी जवळ ठेवा. कानात गाणी लावू नका. एकटीने जात असाल तर घरी वाट सांगून जा. आणि शेवटी, शाळेच्या भिंतीवर लहानपणापासून वाचलेली ओळ, काहीही विचार न करता: रस्त्याच्या डाव्या बाजूने चाला.

बाबांनी वाचलं. एक वेलांटी दुरुस्त केली. "चांगलं झालंय," म्हणाले.

रविवारी झेरॉक्सवाल्याकडून पिवळ्या कागदावर प्रती काढल्या आणि घरोघर दिल्या. नाक्यावरच्या दुकानातल्या काकीने चष्मा लावून सगळं पत्रक मोठ्याने वाचलं.

"आता चलूकय पत्रक व्हया? बापाशीन पाण्यासाठी काडल्यान, तू पायांसाठी काड. फुडला खोकल्यासाठी काय?"

पण तिने ते दुकानात, साबणांच्या वर चिकटवलं.

आईने शाल बदलली. कपाटातून पांढरी काढली, माझ्याच जुन्या शाळेच्या कार्यक्रमातली. किटली मात्र तिने सोडली नाही. मी सोमवारी पहाटे निघाले, विजयी.

गुरुवारी बाबांचा फोन आला. आई पडली होती.

मी तशीच सुट्टी टाकून आले. आई ओटीवर बसली होती, गुडघ्यावर पट्टी, कोपर सोललेलं. किटली पायरीवर होती, एका बाजूने आत चेपलेली. अंगणात माशांचा टेम्पो उभा होता आणि त्याचा चालक, तिशीतला, टोपी हातात चुरगाळत उभा होता. त्यानेच तिला घरी आणलं होतं, आणि मी येईपर्यंत तो गेला नव्हता.

काय घडलं ते दोघांनी मिळून सांगितलं. आई पत्रकाप्रमाणे डावीकडून चालत होती. मागून उजेड आला, तिची सावली पुढे पडली. उजेड एकाच दिव्याचा, म्हणून तिला वाटलं, मोटारसायकल आहे, जाईल बाजूने. ती जेमतेम वीतभर सरकली. तो टेम्पो होता. त्याचा डावा दिवा गेलेला होता, आणि उतारावर डिझेल वाचावं म्हणून चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. आवाज जवळजवळ नव्हताच. टेम्पोच्या कडेने किटलीला धक्का दिला आणि किटलीने आईला गडग्यावर फेकलं.

"चूक माजी आसा," चालक म्हणाला. "लायटीचा उद्या करतंय, उद्या करतंय म्हणत रवलंय. पण काकी, तुमी समोरसून इल्ल्या असत्यात तर तुमका माजी गाडी तरी दिसली असती. पाठसून येतला ता कोणाक दिसतला? डाव्यान कित्याक चल्ल्यात?"

आईने पोलक्यात हात घातला आणि चार घड्या केलेला पिवळा कागद काढला. घामाने मऊ झालेला.

"ह्यात छापलेला आसा," ती म्हणाली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती मला वाचवत होती, चालकासमोर कागदाचा आधार देऊन, जणू छापलेलं आहे म्हणजे विषय संपला. मला तेव्हा रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी कागद घेतला आणि ती शेवटची ओळ वाचत राहिले. गाड्या डावीकडून जातात. डावीकडून चालणाऱ्याच्या पाठीशी त्या येतात. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून पायी चालणाऱ्याने उजवी बाजू धरायची असते, जिथे पायवाट नाही तिथे तर नक्कीच. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी विचारच केला नव्हता. भिंतीवर होतं म्हणून उतरवलं, आणि तिने कागदावर होतं म्हणून पाळलं.

"आता नको," आई म्हणाली. "झाला तितका पुरे. घरातच चलतंय, माजघरातसून पडवीत."

ती खरंच घरात चालू लागली. सहा पावलं, वळण, सहा पावलं. तिसऱ्या फेरीला कुणीतरी हाक मारायचं, चौथीला कुकरची शिट्टी व्हायची. दोन दिवसांत तेही थांबलं.

शनिवारी रात्री मी तिला डोळे मिटायला सांगितले. डॉक्टरांनी तपासताना केलं होतं तसं, झाडूची एक हीर घेऊन तळपायाला हलकेच टेकवली. टाच.

"लागला?"

"लागला."

चवडा. "लागला. जरासा."

अंगठा. ती तशीच वाट पाहत होती. मी पुन्हा टेकवली, थोडी जोराने.

"आई, लागला?"

"टेकयलंस काय?" तिने विचारलं.

तिने डोळे उघडले तेव्हा हीर अंगठ्यावरच होती. दोघींनी अंगठ्याकडे पाहिलं. मी तो पाय मांडीवर घेतला. पाय थंडगार होता, टाचेच्या भेगांत अंगणातली लाल माती. मी तो दोन्ही हातांत धरून ठेवला, जणू धरून ठेवल्याने काही थांबणार होतं. ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. "ताईचा असाच झालेला," एवढंच म्हणाली.

बाबा दारात उभे होते. किती वेळ, माहीत नाही.

"पत्रकातली चूक पत्रकानेच दुरुस्त करायची," ते म्हणाले. मग चौकटीला टेकून, "मीही वाचलं होतं. मला वेलांटी दिसली."

दुसरं पत्रक सगळ्यांत लहान झालं. शुद्धिपत्र. मागच्या पत्रकात डाव्या बाजूने चाला असं छापलं होतं, ते चूक होतं. उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चाला. एक दिवा दिसला तर ती मोटारसायकलच आहे असे समजू नका, रस्ता सोडून थांबा. चूक लिहिणारीची आहे. तिच्यामुळे एका बाईला लागलं. ती बाई तिची आई आहे.

मी पुन्हा घरोघर गेले, जुने पिवळे कागद परत मागत. पहिल्या वेळेपेक्षा हे फार अवघड होतं. एका घरी त्याची होडी झाली होती. एका घरी त्यात सुके बांगडे बांधले होते. एका आजोबांनी कागद परत द्यायला नकार दिला, "माजा घरच डाव्यान आसा, माका काय करूचा?" दुकानातल्या काकीने साबणांवरचा कागद सोलून काढला, नवा वाचला, या वेळी मनातल्या मनात. मग म्हणाली, "आवशीक सांग, माकाय साखर आसा. तीन वर्सां झाली. सांगूक नाय कोणाक."

मी घरी येऊन हे आईला सांगितलं. ती रात्री भाकऱ्या थापताना मध्येच म्हणाली, "म्हणान ती खुर्चेरसून उठणा नाय."

मी सुट्टी वाढवून घरीच होते; दोन दिवसांनी टेम्पोवाला आला. टेम्पोचे दोन्ही दिवे लागत होते. ते दाखवायला त्याने भर दुपारी लावून दाखवले. सोबत एक फाटलेलं लाइफ जॅकेट आणलं होतं, पर्यटकांच्या बोटीवरचं, टाकून दिलेलं. "ह्येच्यार पट्टे आसत बघा. बॅटरी मारली की चमाकतत. रात्री समुद्रात माणूस शोधूक." आईने ते उलटसुलट करून पाहिलं, कात्री मागितली आणि पट्टे उसवले. दोन पट्टे पांढऱ्या शालीच्या कडेला शिवले. एक उरला. तो तिने किटलीच्या पोटाभोवती गुंडाळला, चेपलेल्या जागेवरून, आणि घट्ट बांधला.

"किटली आता कित्याक?" मी विचारलं.

"सवय झाली," ती म्हणाली. "हात मोकळो बरो वाटणा नाय."

पुढच्या शनिवारी मी सड्यावरून उतरत होते, मुद्दाम सावकाश. मोहोराचा वास होता, हवेत थोडी थंडी. वळणाच्या बऱ्याच अलीकडे, रस्त्याच्या माझ्या डाव्या अंगाला काहीतरी चमकलं. जमिनीपासून हातभर उंचीवर, पुढे मागे, पुढे मागे, चालणाऱ्याच्या हाताबरोबर. मग त्याच्या वर दोन रेषा, शालीच्या. त्यांच्या मागे हळू पावलांनी आणखी एक आकृती येत होती, हातात बॅटरी, बॅटरीचा उजेड स्वतःच्याच पायांवर. दुकानातली काकी.

रस्त्याकडेच्या कट्ट्यावरून कुणीतरी पुरुषी आवाजात विचारलं, "काय गो, दोगी खंय चल्ल्यात?"

मी स्कूटर थांबवली. आईच्या हातात किटली होती, उत्तर तयार होतं. दूध आणायला, म्हणाली असती तर मी समजू शकले असते.

"चलूक," आई म्हणाली.

"चलूक म्हणजे?"

"चलूक म्हणजे चलूक," काकीने मागून दम लागलेल्या आवाजात सांगितलं. "पत्रक वाचूक नाय काय?"

मी तिथेच थांबून राहिले, दिवा पूर्ण झोतात लावलेला, त्या दोघी आणखी स्पष्ट दिसाव्यात म्हणून. आईने किटलीचा हात कपाळाशी नेला, डोळ्यांवर आडोसा धरला आणि ओरडली,

"डिप्पर मार गो! समोरसून माणसा येतत!"